सीड कुठून आणला? ग्लिबसीच्या आर्क-फोर-रँडमबद्दल थोडं कौतुक, थोडी तक्रार



एम.टेक.च्या तोंडी परीक्षेतला एक प्रसंग सांगते आणि मग मुद्द्यावर येते. माझा प्रबंध होता लहान बोर्डांवर एन्क्रिप्शन किती वेगानं चालतं यावर. तक्ते होते, आलेख होते, शंभर-शंभर वेळा घेतलेली मोजमापं होती. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी हे सगळं बाजूला ठेवलं, परिशिष्टातला कोड उघडला आणि किल्ली तयार करणाऱ्या फंक्शनवर बोट ठेवलं. "सीड कुठून घेतला तुम्ही?"

मी म्हटलं, "सर, घड्याळातून. टाइम फंक्शननं."

"म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या दिवशी चालवला ते कळलं की झालं. ते तर तुमच्या तक्त्याखालीच छापलंय."

मी गप्प. घरी येऊन हिशोब केला. एका दिवसात ८६,४०० सेकंद. म्हणजे माझी १२८ बिटांची किल्ली शोधायला फार तर ८६,४०० प्रयत्न. ही झाली जेमतेम १७ बिटांची सुरक्षा. साध्या लॅपटॉपला तेवढं काम चहा होईपर्यंतसुद्धा पुरत नाही. आणि दिवस माहीत नसता तरी काय? सी भाषेतला एसरँड नेहमीच्या मशीनवर ३२ बिटांचा आकडा घेतो, त्यामुळे शक्यता संपतात ४२९ कोटींवर. किल्ली कागदावर कितीही लांब असो, तिची खरी लांबी तिच्या सीडएवढीच.

तेव्हापासून कुठलाही पेपर किंवा लायब्ररी वाचताना हा प्रश्न माझ्या डोक्यात पहिला येतो. आज याच प्रश्नानं एका गोष्टीची झडती घेऊ: २०२२ साली ग्लिबसी २.३६ मध्ये आलेली आर्क-फोर-रँडम ही फंक्शनं. ग्लिबसी म्हणजे जीएनयूची सी लायब्ररी. तुमच्या लिनक्स मशीनवर चालणारा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम तिच्या खांद्यावर उभा असतो, त्यामुळे तिथला निर्णय चुकला तर त्याची शिक्षा सगळ्यांना.

आधी जुन्या रँडची बाजू ऐकून घेऊ

रँडला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्यानं वचन काय दिलं होतं? सीच्या प्रमाणात एवढंच आहे की शून्यापासून रँड-मॅक्सपर्यंतचा आकडा मिळेल, रँड-मॅक्स किमान ३२,७६७ असेल, आणि तोच सीड दिला तर तीच मालिका पुन्हा येईल. आकडे किती चांगले असतील याची हमी प्रमाण स्वतःच नाकारतं. तिथे नमुन्यादाखल दिलेला जनरेटर तर एका गुणाकाराचा आणि एका बेरजेचा आहे. म्हणजे रँडनं फसवलं नाही. आपण त्याच्याकडे भलतंच मागितलं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि संशोधनाला लागणाऱ्या बहुतेक मुलांची ती होतेच, माझीही झाली होती. आकडे संख्याशास्त्राच्या चाचण्यांत पास होणं वेगळं आणि पुढचा आकडा कुणालाही ओळखता न येणं वेगळं. मर्सेन ट्विस्टर घ्या. सिम्युलेशनमध्ये तो वर्षानुवर्षं वापरला जातोय, चाचण्याही बऱ्याच पास होतो. पण त्याचे सलग ६२४ आउटपुट हातात आले की त्याची आतली सगळी अवस्था परत मांडता येते आणि त्यापुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो. म्हणून "आम्ही रँडमनेसच्या चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या" हे वाक्य सुरक्षेच्या पेपरमध्ये दिसलं की थांबा. चाचण्या नापास झाल्या तर जनरेटर वाईट आहे हे कळतं. पास झाल्या तर तो सुरक्षित आहे हे कळत नाही.

दुसरी भानगड भागाकाराची. समजा २०,००० अर्जांतून सोडत काढायची आहे आणि रँड-मॅक्स ३२,७६७ आहे (मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत तो आजही तेवढाच आहे). आपण काय करतो? आकडा घेतो, २०,००० नं भागतो, बाकी उचलतो. आता मोजा: एकूण ३२,७६८ शक्यता. पहिल्या २०,००० शक्यता सगळ्या अर्जांना एकेकदा मिळाल्या. उरल्या १२,७६८, त्या परत शून्यापासून वाटल्या गेल्या. म्हणजे पहिल्या १२,७६८ अर्जदारांना निवडलं जाण्याची संधी बाकीच्यांच्या दुप्पट! कुणाची लबाडी नाही, हेतू नाही, फक्त एक बाकीचं चिन्ह. आर्क-फोर-रँडम-युनिफॉर्म हे फंक्शन नेमकं याच्यासाठी आहे. वाटणीत न बसणारे आकडे ते टाकून देतं आणि नवीन घेतं.

एका ओळीची किंमत

"सीड" हा शब्द किती जड आहे हे समजायला डेबियनचं उदाहरण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये एक बदल झाला. व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन तक्रार करत होतं की प्राथमिक किंमत न दिलेली मेमरी वाचली जातेय. तक्रार बंद करायला दोन ओळी कॉमेंट केल्या गेल्या. त्यातली एक गेली असती तर फारसं बिघडलं नसतं. दुसरी मात्र बाहेरून आलेली सगळी अनिश्चितता पूलमध्ये मिसळणारी होती. ती गेल्यावर मिसळायला उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८.

मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांना हे सापडलं. तोपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ डेबियन आणि त्यावरून निघालेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर तयार झालेल्या एसएसएच आणि एसएसएलच्या किल्ल्या मूठभर यादीतल्याच होत्या. एखाद्या ठरावीक प्रकारच्या मशीनसाठी आणि ठरावीक लांबीसाठी सगळ्या किल्ल्या आधीच काढून ठेवता येत होत्या.

या प्रसंगातून माझ्या मनात राहिलेली गोष्ट अशी की एवढा काळ काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. प्रोग्रॅम चालत होता, किल्ल्या तयार होत होत्या, एकेक किल्ली पाहिली तर अगदी रँडम. सॉर्टिंगचा कोड चुकला तर आउटपुट बघून कळतं. रँडमचा कोड चुकला तर आउटपुट बघून काहीही कळत नाही. म्हणून इथे टीका आउटपुटवर करता येत नाही, रचनेवरच करावी लागते. पुढचं सगळं त्याच भूमिकेतून वाचा.

आर्क-फोर-रँडम आलं कुठून?

हे मूळचं ओपनबीएसडीचं. १९९७ मध्ये २.१ आवृत्तीत ते पहिल्यांदा आलं. आत आरसी-फोर हा सायफर होता म्हणून हे नाव. पुढे आरसी-फोरची अब्रू गेली, २०१४ मध्ये ५.५ आवृत्तीत त्यांनी आत चाचा-ट्वेंटी बसवला, नाव मात्र तसंच ठेवलं.

या इंटरफेसची मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्यात सीड द्यायला जागाच नाही. उघडायचं नाही, बंद करायचं नाही, परत आलेला एरर तपासायचा नाही. फंक्शन बोलवा, आकडा घ्या. माझ्यासारखी विद्यार्थिनी चुकेल तरी कुठे? हा विनोद नाही. चूक करायला जागाच न ठेवणं हा सुरक्षेच्या रचनेतला फार मोठा गुण असतो.

जुलै २०२२: पाच-सहा दिवसांत दोन रचना

ग्लिबसीमध्ये हे यावं ही मागणी बरीच जुनी. शेवटी अधेमेर्व्हाल झानेला यांनी काम पूर्ण केलं आणि जुलै २०२२ मध्ये ते मुख्य शाखेत गेलं. ती रचना अशी होती: प्रत्येक थ्रेडसाठी लायब्ररीच्या आत स्वतःचा चाचा-ट्वेंटी जनरेटर. सुरुवातीला कर्नेलकडून सीड घ्यायचा, मग आकडे स्वतःच तयार करायचे, आणि १६ एमबी खर्च झाल्यावर कर्नेलकडून नवा सीड. वेगासाठी वेगवेगळ्या प्रोसेसरांकरता खास असेंब्ली कोडही लिहिला होता. मेहनतीचं काम होतं यात शंका नाही.

त्यानंतर काही दिवसांतच जेसन डोनेनफेल्ड यांनी त्यावर हरकत घेतली. हे वायरगार्डचे लेखक आणि लिनक्स कर्नेलमधल्या रँडम विभागाची देखभाल करणारे. महिना संपायच्या आत त्यांचा बदल स्वीकारला गेला: लायब्ररीतला जनरेटर पूर्ण काढून टाका, प्रत्येक वेळी सरळ गेटरँडम हा सिस्टिम कॉल करा. ऑगस्टच्या सुरुवातीला २.३६ प्रसिद्ध झाली ती या साध्या रचनेसह.

वाद कशावर होता ते नीट समजून घेऊ, कारण "साधं चांगलं, गुंतागुंतीचं वाईट" एवढ्यावर तो संपत नाही.

लायब्ररीच्या आत जनरेटर ठेवला की त्याची अवस्था तुमच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत राहते. मेमरीची प्रत निघू शकते. प्रत निघाली की दोन जनरेटर तेच आकडे देणार. आता प्रत कधी निघते?

एक, फोर्क झाल्यावर. मूळ प्रोसेस आणि तिचं पोर दोघांकडे तीच अवस्था. हे ओळखायला लोक प्रोसेसचा क्रमांक साठवून ठेवायचे: क्रमांक बदलला तर नवा सीड घ्या. जुलै २०१४ मध्ये लिब्रेएसएसएलची लिनक्सवर चालणारी पहिली आवृत्ती आली आणि अँड्र्यू एयर यांनी दाखवून दिलं की हे पुरत नाही. आजोबा प्रोसेसनं जनरेटर वापरला, फोर्क करून मुलाला जन्म दिला आणि स्वतः संपली. मुलानं जनरेटरला हात न लावता आणखी एक फोर्क केला. लिनक्समध्ये क्रमांक फिरून परत वापरले जातात. नातवाला नेमका आजोबांचा क्रमांक मिळाला तर जनरेटरला वाटतं काहीच बदललेलं नाही, आणि नातू आजोबांचेच आकडे पुन्हा देतो. ओपनबीएसडीवर ही अडचण नव्हती, कारण तिथे कर्नेललाच सांगता येत होतं की फोर्क झाल्यावर मेमरीचं हे पान शून्य कर. लिनक्सवर तशी सोय आली ४.१४ मध्ये, २०१७ च्या शेवटी.

दोन, व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट. पूर्ण मशीन गोठवलं आणि त्याच्या दोन प्रती चालू केल्या, तर आतल्या प्रोसेसना काहीच कळत नाही. क्रमांक तोच, मेमरी तीच. थॉमस रिस्टेनपार्ट आणि स्कॉट यिलेक यांनी २०१० मध्येच दाखवलं होतं की अशा रिसेटमुळे प्रत्यक्षातली क्रिप्टोग्राफी कशी मोडते. मे २०२२ च्या ५.१८ पासून लिनक्स कर्नेलला व्हर्च्युअल मशीनकडून "तुझी प्रत निघाली आहे" असा निरोप मिळवता येतो आणि तो लगेच स्वतःचा सीड बदलतो. पण हा निरोप कर्नेलला मिळतो. लायब्ररीला मिळत नाही. ती बिचारी १६ एमबी संपायची वाट बघत बसणार.

डोनेनफेल्ड यांचा सगळा मुद्दा इथे येऊन थांबतो. सीड शिळा झाला हे ज्याला कळतं तो कर्नेल, आणि सीड जपून बसलेली लायब्ररी. १६ एमबी हा आकडा कर्नेलला माहीत असलेल्या कुठल्याही गोष्टीशी जुळत नाही, असं त्यांनी चांगल्याच कडक शब्दांत लिहिलं. सध्या हळू चाललं तरी चालेल, पण बरोबर असलेलं देऊ. वेगाचं नंतर कर्नेल आणि लायब्ररी मिळून बघतील, असा त्यांचा प्रस्ताव होता.

माझं मत

मी डोनेनफेल्ड यांच्या बाजूची. पण त्यांच्या बाजूनं बोलताना विरोधी बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा टाळला तर ते संशोधन कसलं, वकिली झाली. म्हणून आधी तो मुद्दा.

प्रत्येक चार बाइटसाठी सिस्टिम कॉल करणं महाग आहे. सर्व्हरला लाखो आकडे लागले तर लोक वैतागणार. वैतागलेला प्रोग्रॅमर काय करतो? स्वतःचा बफर लिहितो. एकदाच मोठा घास घेतो आणि त्यातून थोडं थोडं वाढतो. म्हणजे लायब्ररीनं बफर ठेवला नाही तर बफर नाहीसा होत नाही, तो शंभर प्रोग्रॅमांत शंभर प्रकारे उगवतो. फोर्कचा विचार करून लिहिलेला ग्लिबसीचा बफर काढला आणि त्या जागी फोर्क हा शब्दही न ऐकलेल्या माणसाचा बफर आला, तर सुरक्षा वाढली की घटली? हा प्रश्न खरा आहे आणि "सुरक्षितता महत्त्वाची" एवढं म्हणून तो सुटत नाही.

तरीही मी ऑगस्टची रचनाच निवडीन, कारण दोन चुकांचं वजन सारखं नाही. हळू फंक्शन नंतर वेगवान करता येतं, वापरणाऱ्याला कोडमध्ये एक अक्षर बदलावं लागत नाही. असुरक्षित फंक्शननं तयार केलेली किल्ली मात्र नंतर सुरक्षित करता येत नाही. ती कुठे कुठे पसरली आहे हेसुद्धा सापडत नाही, हे डेबियननं दाखवलंच आहे. आणि हळू असल्याची तक्रार मोजमापात दिसते, कुणीतरी बोंब मारतं. असुरक्षित असल्याची तक्रार कुणीच करत नाही, कारण आउटपुट छान दिसतं.

पुढे झालंही तसंच. सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्स ६.११ बरोबर गेटरँडमची व्हीडीएसओ सोय आली. म्हणजे काय, तर आकडे तयार करणारा कोड कर्नेल देतो, पण तो चालतो प्रोग्रॅमच्याच मेमरीत, सिस्टिम कॉलशिवाय. आणि सीड शिळा झाला आहे का हे तो कर्नेलनं उघड केलेल्या एका खुणेवरून दर वेळी तपासतो. जानेवारी २०२५ च्या ग्लिबसी २.४१ नं ती वापरायला घेतली. बारकाईनं बघा: बफर परत आला! २०२२ मध्ये फेकलेली कल्पना परत आली. फरक एवढाच की आता शिळं-ताजं ओळखण्याचं काम ज्याला ते कळतं त्याच्याकडे आहे. झानेला यांची रचना चुकीची होती असं म्हणण्यापेक्षा ती वेळेआधीची होती, तिला लागणारा आधार खाली नव्हता, असं मी म्हणेन.

यातून दुसरी एक गोष्ट निघते. ओपनबीएसडीची लायब्ररीतल्या जनरेटरची रचना तिथे चालली, कारण कर्नेल आणि सी लायब्ररी तिथे एकाच घरात शिजतात. लायब्ररीला काही लागलं तर कर्नेलमध्ये सोय करून मिळते. लिनक्समध्ये कर्नेल वेगळ्यांचा, ग्लिबसी वेगळ्यांची. तोच कोड घर बदलल्यावर सुरक्षित राहिला नाही. म्हणजे "हे फंक्शन सुरक्षित आहे" हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या कर्नेलवर, कुठल्या परिस्थितीत, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता तक्रारी

पहिली तक्रार दस्तऐवजाबद्दल. ग्लिबसीच्या मॅन्युअलमध्ये ही फंक्शनं क्रिप्टोग्राफीसाठी वापरता येतील असं लिहिलंय, ते बरं झालं. पण आर्क-फोर-रँडमचं वर्णन करताना काय सांगितलंय, तर आकडा ३२ बिटांचा मिळतो आणि ही व्याप्ती रँडच्या दुप्पट आहे. अहो, व्याप्ती? रँड आणि याच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपण सांगतोय एक बिट जास्त मिळतो! नवीन मुलगा हे वाचून काय शिकणार? हाच की हा रँडचा मोठा भाऊ. फोर्क, स्नॅपशॉट, सीड देता न येणं, यांबद्दल दोन ओळी असत्या तर या फंक्शनचं अर्धं मोल कळलं असतं. सगळा वाद मेलिंग लिस्टवर पडून आहे, मॅन्युअलमध्ये त्याचा मागमूस नाही.

दुसरी तक्रार नावाची, पण ती सौम्य. ज्या सायफरचं नाव लावलंय तो आत नाहीच. नाव ठेवण्यामागचं कारण पटतं, जुना कोड तसाच चालला पाहिजे. पण माझ्या ज्युनिअरनं नाव वाचून "ताई, आरसी-फोर तर मोडलाय ना, मग हे कशाला वापरायचं?" असं विचारलं आणि परत रँडकडे गेला. नावानं घाबरलेला माणूस वाईट पर्यायाकडे जातो, हाही सुरक्षेचाच प्रश्न.

तिसरी तक्रार ग्लिबसीबद्दल नाही, सी भाषेबद्दल आहे. सी-२३ या नव्या प्रमाणात मेमसेट-एक्सप्लिसिट आलं. त्याचं काम गुपित वापरून झाल्यावर मेमरीतून नक्की पुसून टाकणं. छान. पण ते गुपित तयार कसं करायचं? त्यासाठी प्रमाणात आजही रँडशिवाय काही नाही. झाडू दिला, पण घरात आणायला धान्य नाही, अशातली गत. त्यामुळे सगळीकडे चालेल असा कोड लिहायचा म्हटला की प्रत्येक प्रणालीसाठी वेगळी वाट शोधावी लागते, आणि कंटाळलेला माणूस पुन्हा घड्याळातून सीड घेतो. मी घेतला होता तसाच.

एका निर्णयावर मात्र माझं अजून पक्कं ठरत नाहीये. कर्नेलकडून आकडे मिळालेच नाहीत तर ग्लिबसीचं आर्क-फोर-रँडम एरर परत देत नाही, प्रोग्रॅमच बंद पाडतं. लायब्ररीनं आपला प्रोग्रॅम मारावा हे कुणाला आवडेल? हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणात असं झालं तर? पण दुसरीकडे बघा, एरर परत दिला तर तो तपासणारे किती? मी प्रबंधात एकदाही तपासला नव्हता. न तपासलेल्या एररचा अर्थ शून्यांनी भरलेली किल्ली. सध्या तरी माझा कौल प्रोग्रॅम बंद पाडण्याकडे आहे, कारण ज्याला एरर हाताळायचाच आहे त्याला गेटरँडम स्वतः बोलवायची वाट मोकळी आहे.

मग सिम्युलेशनचं काय?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. तुमच्या प्रयोगाला तीच मालिका पुन्हा हवी असेल, म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमचा निकाल पडताळता यावा, तर आर्क-फोर-रँडम वापरू नका. त्याला सीड देता येत नाही आणि ते मुद्दाम आहे. तिथे सीड घेणारा चांगला जनरेटर वापरा आणि सीड पेपरमध्ये छापा. ओपनबीएसडीनं २०१५ च्या ५.७ मध्ये तर रँडलाच अनिश्चित करून टाकलं, एसरँडला दिलेला सीड चक्क दुर्लक्षित केला, आणि जुनं वागणं हवं असणाऱ्यांसाठी वेगळं फंक्शन दिलं. धाडस आवडलं, पण ते सीच्या प्रमाणाविरुद्ध आहे. ज्याचं संशोधन त्या वचनावर उभं होतं त्याचे निकाल न सांगता हलतील. सुरक्षेसाठी नवं दार उघडणं मला पटतं, जुन्या दाराचा पत्ता बदलणं पटत नाही.

लक्षात ठेवायचं एवढंच: सिम्युलेशनचा सीड छापायचा असतो, किल्लीचा सीड कुणालाच, अगदी स्वतःलाही, माहीत नसावा लागतो. एकाच प्रबंधात दोन्ही कामं असतील तर दोन वेगळी फंक्शनं वापरा आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहा.

जाता जाता

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करताय ना? मग कुठलीही "सुरक्षित" गोष्ट वाचताना चार प्रश्न वहीत लिहून ठेवा. सीड कुठून येतो? तो शिळा झाला हे कुणाला कळतं? अवस्थेची प्रत निघाली तर काय होतं? आणि काही मिळालंच नाही तर फंक्शन काय करतं? या चार प्रश्नांनी डेबियनची चूक सापडते, लिब्रेएसएसएलची सापडते, ग्लिबसीची जुलैची रचना का मागे घेतली ते कळतं. आणि माझा एम.टेक.चा कोड पहिल्याच प्रश्नाला आडवा होतो.

आणखी एक. ग्लिबसीचा तो वाद मूळातून वाचा. पेपरमध्ये आपल्याला शेवटचा निर्णय दिसतो, माणसं कुठे अडली, कशावरून मत बदललं ते दिसत नाही. इथे एक माणूस कित्येक महिन्यांचं काम मुख्य शाखेत टाकतो, दुसरा काही दिवसांत ते काढायला सांगतो, आणि काम केलेली माणसं हरकत पटल्यावर मागे घेतात. आपला कोड काढला जाताना असं वागता येणं ही गोष्ट मला अजून शिकायची आहे.

तोंडी परीक्षेचं सांगायचं राहिलं. सरांनी मला पास केलं. जाताना एवढंच म्हणाले, "वेग मोजलात ते ठीक. पण तुम्ही वेग मोजला तो कुलपाचा, आणि किल्ली दाराला लटकत होती." तो कोड अजून माझ्याकडे आहे. नवीन मुलं लॅबमध्ये आली की मी तो उघडते, त्यांच्यासमोर ठेवते आणि चूक शोधायला सांगते. बहुतेक जण एन्क्रिप्शनच्या फंक्शनमध्येच शोधत बसतात.